‘द एज ऑफ लव्ह’ धरून ट्रान्सची ओळख : नवख्यांसाठी एका रेकॉर्डची वाट

ट्रान्स म्हणजे सारख्या ठोक्यावर चालणारं, यंत्रांवर रचलेलं नाचाचं संगीत. ते ऐकायला सुरुवात करायची म्हटलं की बहुतेक जण तीनशे गाण्यांची प्लेलिस्ट लावून बसतात. दोन दिवसांत सगळं सारखंच वाटायला लागतं, तिसऱ्या दिवशी ‘नुसती धडधड आहे’ असा निकाल लागतो आणि हौस तिथेच फिटते. इथे सांगितलेली वाट वेगळी आहे. एकच सिंगल, म्हणजे एकाच गाण्याची रेकॉर्ड, घ्यायची, तिची चार रूपं नीट ऐकायची, ती कुठून आली आणि तिच्यातून पुढे काय निघालं ते बघायचं. एवढं करूनही उत्साह टिकला, तर तिची रेकॉर्ड मिळवून स्वतः वाजवायची. प्लेलिस्ट काय, नंतरही आहेच.

त्यासाठी मी निवडलेली सिंगल म्हणजे १९९० ची ‘द एज ऑफ लव्ह’. ट्रान्स हा वेगळा प्रकार म्हणून आकार घेत होता, त्या दिवसांतली ही रेकॉर्ड. ज्यांनी बनवली त्यांच्या हातून ती एका रूपात बाहेर पडली, गाजली मात्र दुसऱ्यांनी दोन वर्षांनी केलेल्या रूपात. आणि तीस वर्षांनंतर पुन्हा एका नव्या पिढीने ती उचलून धरली. रिमिक्स म्हणजे मूळ गाण्याला लावलेली फोडणी, असा आपल्याकडे हिंदी गाण्यांच्या रिमिक्समुळे समज झालाय. तो काढून टाकायला ही एक रेकॉर्ड पुरते.

पायरी १ : आधी तिची कुंडली मांडा

गाण्याचं नाव ‘द एज ऑफ लव्ह’, करणाऱ्यांनी घेतलेलं नावही एज ऑफ लव्ह. शोधताना यात गोंधळ होतो, तेवढं लक्षात ठेवा. पडद्यामागचे दोघे म्हणजे ब्रुनो सान्क्योनी आणि ज्युसेप्पे केर्किया. लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, बेल्जियमचं, डिकी रेकॉर्ड्स.

बेल्जियम हा शब्द इथे महत्त्वाचा. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे ‘न्यू बीट’ नावाची लाट आली होती. तिच्या जन्माची गोष्ट सांगतात ती अशी, की ‘ए स्प्लिट-सेकंड’ या बँडची ‘फ्लेश’ ही रेकॉर्ड एका डीजेने मिनिटाला ४५ ऐवजी ३३ फेऱ्यांच्या वेगावर लावली आणि पिचची पट्टी, म्हणजे वेग थोडा कमी-जास्त करायची पट्टी, अधिक ८ टक्क्यांवर नेली. आकडेमोड केली तर मूळ वेगाच्या साधारण ८० टक्के वेग पडतो. संथ, जड, गडद. घेंटजवळच्या बोकाचियोसारख्या क्लबांत लोक त्यावर रात्रभर नाचत. ती लाट ओसरत असताना तिथल्या स्टुडिओंत काम करणाऱ्यांना एक गोष्ट कळून चुकली होती : ठेका फार न बदलता, एकाच सुरावटीभोवती फिरत राहूनही माणसं खिळवून ठेवता येतात. ‘द एज ऑफ लव्ह’ त्या जमिनीतून आली.

दुसरं ठिकाण जर्मनीतलं फ्रँकफर्ट. तिथल्या विमानतळाच्या इमारतीतच १९७८ मध्ये डोरियन ग्रे नावाचा क्लब सुरू झाला होता. विमानं पकडायला आलेली माणसं वर आणि नाचायला आलेली खाली, असा प्रकार. १९८८ मध्ये शहरात ओमेन उघडला, त्याच्याशी स्वेन फॅट या डीजेचं नाव कायमचं जोडलं गेलं. याच शहरातल्या जॅम अँड स्पून या जोडीने १९९२ मध्ये ‘द एज ऑफ लव्ह’चा ‘वॉच आउट फॉर स्टेला मिक्स’ केला. जॅम म्हणजे जॅम एल मार, खरं नाव रोल्फ एल्मर, शास्त्रीय संगीताचं शिक्षण घेतलेला संगीतकार. स्पून म्हणजे मार्क स्पून, खरं नाव मार्कस ल्योफेल, हाडाचा डीजे. स्पून २००६ मध्ये गेला.

एक रचना बांधणारा आणि एक नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघणारा, अशी ही जोडी. मिक्स ऐकताना हे ध्यानात असू द्या, बऱ्याच गोष्टींचा उलगडा त्यातून होतो.

पायरी २ : ऐकण्याची जागा नीट करा

मोबाइलच्या स्पीकरवर ट्रान्स ऐकू नका. एवढ्याशा स्पीकरमधून खालचे स्वर बाहेरच पडत नाहीत आणि या संगीताचा अर्धा जीव तिथेच आहे. बरे हेडफोन किंवा घरातला जरा मोठा स्पीकर हवा. आवाज फार मोठा नको, शेजाऱ्यांशी वैर घेण्याइतका तर नकोच.

दुसरं म्हणजे पूर्ण लांबीचं रूप निवडा. स्ट्रीमिंगवर शोधलंत की ‘रेडिओ एडिट’ आधी समोर येतो. तो साडेतीन-चार मिनिटांचा कापलेला तुकडा असतो आणि कापताना नेमकी काढून टाकतात ती वाट बघायला लावणारी जागा. ट्रान्समधून वाट बघणं काढलं तर उरतं ते जिंगल. नावात ‘जॅम अँड स्पून’ आणि ‘वॉच आउट फॉर स्टेला’ हे दोन्ही असेल आणि लांबी सहा मिनिटांच्या वर असेल, तरच लावा.

पायरी ३ : मोजायला शिका

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण टाळू नका. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

ट्रान्सचा पाया म्हणजे किक ड्रमचे सारख्या अंतरावरचे चार ठोके. चार ठोक्यांचा एक बार. आठ बार म्हणजे ३२ ठोके. ज्यांनी लहानपणी तबल्याच्या क्लासला चार दिवस तरी हजेरी लावली असेल त्यांना हे सोपं जाईल, कारण ३२ ठोके म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं. सम जशी आधीच जाणवू लागते, तसा इथे ३३ वा ठोका जाणवायला हवा. कारण काहीही नवं यायचं किंवा जुनं जायचं ते बहुतेक वेळा त्या ठोक्यावरच घडतं : टाळीचा आवाज सुरू होतो, बेस आत येतो, सगळे ड्रम एकदम थांबतात.

करायचं असं. बोटांवर चार-चार मोजा. प्रत्येक बारला एक बोट मिटा. आठ बोटं मिटली की कान टवकारा. पहिल्या एक-दोन वेळी चुकेल, मग अंगात बसेल. एकदा बसलं, की मोजायची गरज उरत नाही. शरीरच सांगतं की आता काहीतरी होणार. डान्स फ्लोअरवर शंभर माणसं एकाच क्षणी हात वर करतात, त्यांना कोणी इशारा केलेला नसतो.

पायरी ४ : एका वेळी एकच थर ऐका

आता जॅम अँड स्पूनचा मिक्स सलग काही वेळा ऐका, पण दर वेळी कान एकाच गोष्टीवर ठेवा.

पहिल्या फेरीत फक्त बेस. किकच्या दोन ठोक्यांमधली जागा तो रिकामी राहू देत नाही, सतत पुढे लोटत राहतो. इंग्रजीत अशा बेसला ‘रोलिंग’ म्हणतात आणि ऐकलं की कळतं का ते. पुढे ट्रान्समध्ये हा घरंगळता बेस इतका रुळला की आज त्याच्याशिवायचा ट्रान्स शोधावा लागेल.

दुसऱ्या फेरीत तुकडे-तुकडे होऊन येणारा सूर ऐका. लांब धरलेला एखादा सूर घ्यायचा आणि तो तालात झटपट उघड-बंद करायचा, या करामतीला ‘गेट’ म्हणतात. सूर मुळात सलगच असतो, आपल्याला मात्र तो तालवाद्यासारखा ऐकू येतो. म्हणजे एकाच आवाजाने सूर आणि ताल दोन्ही कामं केली. इथे थोडं थांबून ऐका, कारण पुढच्या दहा वर्षांत ट्रान्स करणाऱ्यांनी सगळ्यात जास्त वापरलेलं हत्यार हेच.

तिसऱ्या फेरीत बाईचा आवाज. ती गाणं म्हणत नाही. नाचायला बोलावते, दोन-चार शब्दांत, आणि नाहीशी होते. अंतरा नाही, कडवं नाही. शब्दांना अर्थापेक्षा पोत म्हणून वापरलंय. हिंदी-मराठी गाण्यांवर वाढलेल्या कानाला इथे सगळ्यात जास्त अडखळायला होतं, कारण आपण मुखड्याची वाट बघत राहतो आणि तो येतच नाही.

चौथ्या फेरीत ‘ब्रेकडाउन’ ऐका, म्हणजे ड्रम बाजूला होतात आणि सूर एकटे उरतात ती जागा. ड्रम परत यायला किती वेळ घेतला जातो, आणि यायच्या आधी काय काय वाढत जातं, याकडे लक्ष द्या. नंतरच्या काळात ही जागा फार फुगवली गेली. ड्रमचा गडगडाट, वर चढत जाणारी शिट्टी, तोफ सुटावी तसा परतीचा ठोका. त्या मानाने १९९२ चा हा मिक्स अगदी संयमी वाटेल. मला तोच जास्त आवडतो. आरडाओरडा न करता तो तुम्हाला ओढून नेतो.

पायरी ५ : चार रूपं शेजारी ठेवा

पहिलं १९९० चं मूळ रूप. ते आधी ऐकू नका. जॅम अँड स्पूनचा मिक्स हे दुसरं रूप, त्याच्यानंतर ऐका. उलट्या क्रमाने ऐकलं की काय वाढवलं आणि काय गाळलं ते चटकन दिसतं. मूळ कल्पना, सुरावट, आवाज, सगळं तिथे आहे. पण ते एखाद्या आराखड्यासारखं वाटतं. रिमिक्स करणाऱ्यांनी त्यातलं नेमकं हेरलं आणि त्यालाच जागा करून दिली.

तिसरं रूप १९९७ च्या सुमारास सिंगल पुन्हा बाजारात आली तेव्हाचं. तोवर ट्रान्स युरोपभर मोठा झाला होता. या वेळच्या रिमिक्समध्ये पॉल फान डाइक आणि एमान्युएल टॉप ही नावं सापडतील. फान डाइक बर्लिनचा, पुढे जगभर स्टेडियम भरवणारा. टॉप फ्रान्सचा, अ‍ॅसिडच्या, म्हणजे वळवळत्या बेसच्या, चरचरीत आवाजांसाठी ओळखला जाणारा. एकाच गाण्यावर दोघांचे हात कसे पडतात ते बघा. पाच वर्षांत नाचणाऱ्यांची अपेक्षा किती बदलली, तेही त्यातून कळतं.

चौथं २०२१ चं, शार्लोट डे विट आणि एन्रिको सान्ज्युलियानो यांनी केलेलं. एक बेल्जियमची, एक इटलीचा. मूळ रेकॉर्डचं लेबल बेल्जियमचं, करणाऱ्यांची नावं इटालियन; हे दोघेही त्याच दोन देशांतले. त्यांनी ती टेक्नोच्या, म्हणजे सुरांपेक्षा ठोक्यावर भर देणाऱ्या संगीताच्या, अंगाने नेली, ठोका जड केला, वेग वाढवला. पण बाईचा आवाज तसाच ठेवला आणि तिच्याभोवतीची वाट बघायला लावणारी मोकळी जागाही. हे रूप ऐकून नाचणाऱ्यांपैकी निम्म्यांचा १९९२ मध्ये जन्मही झाला नसेल. ‘टेक्नोवाले ट्रान्सला नाकं मुरडतात’ असं वर्षानुवर्षं बोललं जायचं. मोठ्या टेक्नो मंचांवर ट्रान्सचे सूर पुन्हा राजरोस ऐकू येऊ लागले त्यात या रिमिक्सचा वाटा आहे, असं माझं मत. एकट्या त्याचा नाही, पण मोठा.

पायरी ६ : नातेवाईक शोधा

इथून पुढे धागा पकडून चालायचं. जॅम अँड स्पूनच्या मिक्सच्या नावातली स्टेला म्हणजे त्यांचीच ‘स्टेला’ ही रचना. ती त्याच वर्षी, १९९२ मध्ये, घेंटच्या आर अँड एस या लेबलवर आली. ती ऐकलीत की लक्षात येईल, ‘द एज ऑफ लव्ह’मधला संयम या जोडीचा स्वभावच होता. त्याआधी जॅम एल मारने डीजे डाग याच्याबरोबर डान्स टू ट्रान्स या नावाने ‘वी केम इन पीस’ केलं होतं, १९९० मध्ये. नावातच ट्रान्स, म्हणजे हा शब्द तोवर फ्रँकफर्टमध्ये रुळायला लागला होता.

ब्रुनो सान्क्योनीचा धागा धरलात तर १९९६ च्या ‘सेव्हन डेज अँड वन वीक’पाशी पोचाल. ती करणारे बी. बी. ई., म्हणजे दोन ब्रुनो आणि एक एमान्युएल. हा एमान्युएल म्हणजे वर आलेला टॉपच. सहा वर्षांत सान्क्योनीचा हात किती सफाईदार झाला ते ऐकण्यासारखं आहे.

तिसरा धागा १९९३ च्या ‘काफे देल मार’चा. एनर्जी ५२ या नावाने, स्वेन फॅटच्या आय क्यू लेबलवर. तिची सुरावट बेल्जियन संगीतकार विम मेर्टेन्स यांच्या ‘स्ट्रगल फॉर प्लेझर’ या रचनेवर बेतलेली आहे. दोन्ही एकापाठोपाठ लावा. मेर्टेन्स यांची रचना वाद्यवृंदाची, डान्स फ्लोअरशी तिचा काही संबंध नाही. पण आवर्तनं तीच, चढत जाणं तेच. ट्रान्सची मुळं फक्त डिस्को आणि टेक्नोत शोधणाऱ्यांना हे अवघड जातं.

पायरी ७ : गोव्याचा घोळ मिटवा

‘ट्रान्स म्हणजे गोवाच ना?’ हा प्रश्न मराठी घरात हमखास येतो. नातं आहे, पण दोन्ही एक नाहीत. अंजुण्याच्या किनाऱ्यावर परदेशी मंडळी १९७० च्या दशकापासून रात्र-रात्र पार्ट्या करत होती. १९८० च्या दशकात तिथे रॉकची जागा इलेक्ट्रॉनिक संगीताने घेतली. गोवा गिल या नावाने ओळखला जाणारा अमेरिकन डीजे त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला. तो २०२३ मध्ये गेला. तिथून जे घडलं तो गोवा ट्रान्स, आणि त्यातून पुढे सायट्रान्स. आवाज जास्त गुंतागुंतीचे, वेग जास्त, सुरावट नागमोडी.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक सामानाचा आहे. फ्रँकफर्ट आणि घेंटच्या क्लबांत सगळं विनाइलवर, म्हणजे रेकॉर्डवर, चालायचं. गोव्यात ऊन, वाळू, दमट हवा आणि विमानाने वाहून आणायचं वजन. रेकॉर्ड तिथे टिकणारच नाही. म्हणून तिथले डीजे कॅसेट आणि नंतर डॅट, म्हणजे डिजिटल टेप, वापरत. टेपवर डाव्या-उजव्या बोटाने वेग जुळवत बसायची सोय नसल्यामुळे गाण्यांच्या सुरुवाती आणि शेवट लांबलचक, ठोक्याविना ठेवायची पद्धत पडली. साधनामुळे संगीताचा आकार बदलतो तो असा. तेव्हा म्हापशाच्या बाजारात जुन्या ट्रान्स रेकॉर्ड मिळतील या आशेने सुट्टी आखू नका.

मुंबईशी नातं सांगायचंच तर एक भन्नाट गोष्ट आहे. हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही एलपी केली. रोलंड कंपनीची टीबी ३०३ आणि टीआर ८०८ ही बेस आणि ड्रम वाजवणारी यंत्रं वापरून, रागांवर. पुढे अ‍ॅसिड हाउस या नाचाच्या संगीतात गाजलेला तो वळवळता बेस त्यात चक्क ऐकू येतो. ऐकाच. पण ही रेकॉर्ड जगासमोर पुन्हा आली २०१० मध्ये, तोवर कोणाला तिचा पत्ता नव्हता. त्यामुळे ‘ट्रान्स मूळचा आपलाच’ असे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निष्कर्ष काढायला जाऊ नका.

पायरी ८ : रेकॉर्ड विकत घेणं

सगळं ऐकून झालं, तरी मन भरत नाही आणि हातात घ्यायचीच आहे, तर पुढे वाचा. नाहीतर इथे थांबलात तरी काही बिघडत नाही.

तुम्हाला हवी ती १२ इंची सिंगल. एलपीएवढीच दिसते, पण एका बाजूला एखाद-दोनच ट्रॅक असतात. जागा भरपूर, त्यामुळे खाचा रुंद आणि खोल कापता येतात. बेस जितका दमदार तितकी खाच जास्त जागा खाते. एलपीवर पाच गाणी कोंबली की बेस दाबावाच लागतो, इथे तशी कंजुषी नसते. क्लबात १२ इंची का चालते याचं उत्तर हेच.

मुंबईच्या चोर बाजारात आर. डी. बर्मन सापडेल, जॅम अँड स्पून सापडण्याची शक्यता जवळपास नाही. व्यवहार डिस्कॉग्जसारख्या, रेकॉर्डच्या नोंदी आणि खरेदी-विक्री चालणाऱ्या साइटवरच करावा लागतो. घेताना या गोष्टी बघा.

आवृत्ती कुठली ते आधी ठरवा. १९९० च्या डिकीच्या रेकॉर्डवर जॅम अँड स्पूनचा मिक्स असणार नाही, तो दोन वर्षांनंतरचा आहे. नव्वदीत ब्रिटनमध्ये निघालेली आवृत्ती रिअ‍ॅक्ट या लेबलची. कुठल्या बाजूला कुठला मिक्स आहे हे यादीत वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

दर्जाची अक्षरं शिका. एनएम म्हणजे जवळपास नवी, व्हीजी प्लस म्हणजे वापरलेली पण सांभाळलेली. डीजेच्या वापरातल्या रेकॉर्डला व्हीजी प्लस मिळाली तर आनंद माना. नुसती व्हीजी असेल तर शांत जागी चरचर ऐकू येणार. आणि ‘गुड’ लिहिलेली रेकॉर्ड घेऊ नका. या बाजारात गुड म्हणजे टाकाऊच्या एक पायरी वर.

खरेपणा तपासायला विक्रेत्याकडून रनआउटचा फोटो मागा. लेबलचा कागद आणि शेवटची खाच यांच्यामध्ये बोटभर गुळगुळीत पट्टा असतो. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की त्यावर कोरलेली अक्षरं उजळतात : काही ठशाने उमटवलेली, काही हाताने खरडलेली, तिरकी-वाकडी. तो मॅट्रिक्स क्रमांक. डिस्कॉग्जवरच्या नोंदीशी तो अक्षरागणिक जुळला पाहिजे. गाजलेल्या ट्रान्स सिंगलच्या चोरट्या आवृत्त्याही फिरतात आणि लेबलचा कागद हुबेहूब छापणं अवघड नसतं.

टपालखर्च आणि कस्टम मिळून पुष्कळदा नाकापेक्षा मोती जड होतो. एकच रेकॉर्ड मागवण्याऐवजी त्याच विक्रेत्याकडून चार घ्या. वर सांगितलेले नातेवाईक आहेतच. किंवा सरळ तिकडच्या भाच्याला, मावसभावाला सांगा. फ्रँकफर्टच्या परिसरात आपली मराठी मंडळी कमी नाहीत आणि डिसेंबरात बॅगेत चिवड्याच्या परतीच्या डब्याजागी दोन रेकॉर्ड सहज मावतात. मात्र हँडबॅगेत, पुठ्ठ्यांच्या मध्ये.

पायरी ९ : वाजवण्याचं सामान

सूटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर टाळा. त्यांची सुई रेकॉर्डवर फार जड बसते आणि १२ इंचीवरचा दणदणीत बेस आला की उडीही मारते. साधा पण वजन जुळवता येणारा टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, असलेला टर्नटेबल घ्या. घरच्या सुया बहुधा दोन ग्रॅमच्या आसपास चालतात, डीजेच्या त्याहून जड. सुईच्या कागदावर लिहिलेलं वजन ठेवा, अंदाजपंचे नको.

टर्नटेबल आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये फोनो प्रीअ‍ॅम्प लागतो, तो आत बसवलेला आहे का विचारा. रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात, वाजवताना ते परत वर आणायचं काम तो करतो. तो नसेल तर आवाज बारीक आणि चिरका येईल. आणि घूं असा आवाज येत असेल तर आधी टर्नटेबलची अर्थची वायर प्रीअ‍ॅम्पच्या स्क्रूला जोडलीय का बघा. मग भिंतीतल्या थ्री-पिनला अर्थ आहे का ते. जुन्या बिल्डिंगांत ते भोक निव्वळ शोभेचं असतं.

अमेरिकेतून कोणी जुना टर्नटेबल आणून देत असेल तर जरा थांबा. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३०, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही. काही जुन्या बेल्ट ड्राइव्ह (पट्ट्याने तबकडी फिरवणाऱ्या) मोटरी विजेच्या हर्ट्झवरच फिरतात, त्या इथे सहाव्या हिश्शाने संथ चालतात. न्यू बीट आपोआप तयार होईल, पण तो आपला हेतू नाही.

दोन रेकॉर्ड मिसळून वाजवायच्या असतील तर डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट तबकडीला जोडलेला) आणि पिचची पट्टी असलेलाच हवा. टेक्निक्सचा एसएल-१२०० एमके-२ हा १९७९ चा, पट्टी अधिक-उणे ८ टक्के. पुढे त्याच्या नकलांचा बाजारच उभा राहिला.

पायरी १० : दोन रेकॉर्ड जोडून बघा

आता मोजायला शिकलात त्याचा उपयोग. समजा एक रेकॉर्ड मिनिटाला १३० ठोक्यांची आहे आणि चालू आहे ती १२६ ची. १३० वालीचा वेग साधारण ३.१ टक्के कमी करायचा. पण विनाइलवर वेग उतरवला की सूरही उतरतो. ६ टक्क्यांना जवळपास अर्धा स्वर. ३ टक्के कानाला फारसे खुपत नाहीत, ६ खुपतात.

रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरा. काळ्या पृष्ठभागावर फिकट आणि गडद पट्टे दिसतील. जिथे ठोका आणि बेस भरून आहे तिथे खाचा विस्कटलेल्या, करड्या दिसतात. जिथे ड्रम थांबलेत तिथे त्या गुळगुळीत आणि जास्त काळ्या. म्हणजे ब्रेकडाउन डोळ्यांनी दिसतो. डीजे अंधारात छोट्या दिव्याच्या उजेडात हेच वाचतात आणि सुई नेमकी ठेवतात. संगणकाच्या पडद्यावर गाण्याची रेघ दिसते ती सोय पुढची, मूळ सोय ही.

जोडताना नवी रेकॉर्ड हेडफोनमध्ये ऐका, पहिल्या ठोक्यावर बोटाने धरून ठेवा, चालू रेकॉर्डचे ३२ ठोके पुरे झाले की सोडा. ठोके एकमेकांवरून घसरायला लागले की पट्टी किंचित हलवा. दोन्ही बेस एकाच वेळी चालू ठेवू नका, चिखल होतो. दोन रेकॉर्डचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरवर नव्याचा बेस पूर्ण खाली, मग ३३ व्या ठोक्यावर दोन्ही हातांनी अदलाबदल. या रेकॉर्डच्या सुरुवातीला आणि शेवटी सुरांची गर्दी का नाही, ठोका एवढा वेळ एकटाच का चालतो, हे तुम्हाला त्या क्षणी हातांतून कळेल. ती जागा ऐकणाऱ्यासाठी नव्हतीच, जोडणाऱ्यासाठी होती.

पायरी ११ : पावसाळा

मुंबई, कोकण, गोवा इथे जूनपासून रेकॉर्डना बुरशी धरते. उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. आतली कागदी पाकिटं बदलून प्लॅस्टिकचं अस्तर असलेली घ्या, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, भिंतीपासून वीतभर अंतर राखा. महिन्यातून एकदा काढून पुसा, ब्रश खाचांच्या दिशेने, गोल. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत रेकॉर्ड ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत तिची पराठ्याची लाटी झालेली असेल.

धुवायला डिस्टिल्ड पाणी आणि त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. पण हेच मिश्रण घेऊन उत्साहाच्या भरात आजोबांच्या ७८ च्या रेकॉर्डकडे वळू नका. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलने विरघळतात.